टायर गोदामातला सिग्नल

मामा दिवसाला साधारण चाळीस शब्द बोलत. त्यातले निम्मे 'हं' होते. उरलेल्यांत 'चला', 'सरका पुढे', 'मीठ' आणि आठवड्यातून एखादं 'बघू', एवढाच माल. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली, पण रोजच्या प्रवाशाला मामांचा आवाज ओळखा म्हटलं असतं तर त्यानं हॉर्न ओळखला असता.

म्हणून त्या गुरुवारी सकाळी साडेनऊला मामीचा फोन आला तेव्हा ऑफिसात बसलेल्या भाच्याला आधी वाटलं, मामी चष्म्याशिवाय वाचतेय.

"तुझ्या त्या ॲपचा मेसेज आलाय मला," मामी म्हणाली. "वाचू?"

"वाच."

"'आपल्या कुटुंबातील चालक गेल्या सहा दिवसांत बस चालवताना एकूण अठ्ठावन्न तास बारा मिनिटे फोनवर बोलत होते. सुनावणी आज दुपारी चार वाजता. कुटुंबातील एक सदस्य उपस्थित राहू शकतो. मौनसारथी, आपल्या माणसांची काळजी.' आणि शेवटी एक हसरा चेहरा आहे. त्याला काय एवढं हसू येतंय कळत नाही."

"चूक असेल मामी काहीतरी."

"चूक कशी असेल? तूच केलंयस ना ते ॲप? मी चार घरी सांगून आलेय, आमच्या पोरानं केलंय म्हणून." मग मामीचा आवाज बारीक झाला. मामीचा आवाज बारीक झाला की घरातली भांडीसुद्धा वाजायची थांबतात. "अठ्ठावन्न तास रे. माझ्याशी तीन मिनिटं बोलतात. सहा दहाला मी लावते, सहा तेराला कट. अकरा वर्षं हेच चाललंय. नेटवर्क नाही म्हणून मी तीन कंपन्या बदलल्या, दोन फोन बदलले, तक्रारीची पत्रं लिहिली. आणि हे अठ्ठावन्न तास बोलतायत. कोण आहे ती?"

"कोण ती?"

"मग अठ्ठावन्न तास माणूस काय स्टिअरिंगशी बोलतो? मी येतेय चारला." आणि फोन ठेवला.

भाच्याचा पाय टेबलाखाली हलायला लागला. तो पाय हलला की शेजारच्या टेबलावरचा चहा थरथरायचा, आणि शेजारी कप उचलून हातात धरायचा. आज शेजाऱ्यानं कप हातात धरला तो जेवणापर्यंत.

कारणच तसं होतं. मामांच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही, एक तक्रार नाही. सुनावणीत दोषी ठरले तर लायसन्स जमा, वर्दी जमा, आणि घरी जावं तर घरी मामी. भाचा शिकायला म्हणून दोन वर्षांसाठी त्यांच्याकडे आला होता आणि तिथलाच होऊन गेला होता. त्याला पहिला कॉम्प्युटर मामांनी आणून दिला तेव्हा खोका खाली ठेवून ते एवढंच म्हणाले होते, "घे." त्या कॉम्प्युटरवर शिकलेल्या पोराच्या ॲपनं आज मामांचा गळा धरला होता.

मौनसारथीचं काम तसं सोपं. फोनला स्वतःबद्दल तीनच गोष्टी माहीत असतात: रिकामा आहे, वाजतोय, किंवा बोलणं चालू आहे. ॲप फोनच्या कानाशी बसून हे ऐकायचं, सिग्नल किती आहे तेही बघायचं, आणि बस चालू असताना 'बोलणं चालू' दिसलं की डेपोतल्या पडद्यावर चुगली करायचं. चुगलीसुद्धा साधी नाही. पडद्यावर 'आठवड्यातले सर्वांत बोलके चालक' अशी यादी लागायची. मामा सहा दिवस पहिल्या नंबरावर होते. दुसरा नंबर एकवीस मिनिटांचा.

भाचा साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, भाच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होते आणि उभ्यानं काम करायचे, कारण बसल्यानं विचार बसतात असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

"साहेब, ॲपमध्ये चूक आहे असं वाटतंय."

साहेबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. ऑफिसात 'चूक' शब्दाला बंदी होती. त्याऐवजी 'शिकण्याची संधी' म्हणायचं. गेल्या महिन्यात एकशे चौदा शिकण्याच्या संधी आल्या होत्या आणि कोणी काही शिकलं नव्हतं.

"शिकण्याची संधी आहे," भाचा म्हणाला.

"आज नाही," साहेब म्हणाले. "आज चारला आपल्या ॲपनं पकडलेल्या पहिल्या माणसाची सुनावणी आहे. मी स्वतः जातोय. ती नीट पार पडली की बाकीचे अकरा डेपो आपल्याकडे. शिकायचं ते शुक्रवारी शिक."

"पण पकडलेला माणूस माझा मामा आहे."

"अरे वा," साहेब म्हणाले. "म्हणजे आपण पक्षपात करत नाही हे पण दिसेल."

भाचा जागेवर आला आणि मामांच्या फोनची नोंदवही उघडली. सहा दिवस, सहा सारखी पानं. सहा वाजून दहा: वाजतोय. सहा दहा: बोलणं चालू. सहा तेरा: सिग्नल शून्य. सहा एकतीस: सिग्नल चार. सहा अडतीसला बस सुरू, आणि तिथून दुपारी चार वीसपर्यंत 'बोलणं चालू, बोलणं चालू, बोलणं चालू', दळण दळल्यासारखं. सहा दिवसांत मामांनी स्वतःहून लावलेला एकही फोन नव्हता. तो असता तर लगेच दिसला असता, कारण आपण फोन लावला की मध्ये 'वाजतोय' येत नाही, 'रिकामा'वरून थेट 'बोलणं चालू'वर उडी असते.

तेराला सिग्नल गेला म्हणजे फोन कट झाला. मग ॲपला कळलं कसं नाही?

तो खुर्चीतून उठला, बसला, परत उठला, पाणी प्यायला गेला, ग्लास न भरता परत आला. साडेअकराला त्याला उत्तर सापडलं आणि सापडल्यावर त्यानं ते झाकून ठेवावं तसा लॅपटॉप बंद केला.

उत्तर त्याचंच होतं. मागच्या गुरुवारी ड्रायव्हर ओरडत होते की ॲप बॅटरी खातंय. साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत कमी कर. भाच्यानं चार ओळी टाकल्या: सिग्नल शून्य झाला की ऐकणं बंद. जिथं सिग्नलच नाही तिथं ऐकायचं काय? सिग्नल आला की ऐकणं पुन्हा सुरू. पुन्हा सुरू करताना फोन आपणहून सांगतो की सध्या काय अवस्था आहे. त्यानं नोंद दोनदा पडायची, ते बघायला वाईट दिसायचं. म्हणून पाचवी ओळ: ती पहिली बातमी फेकून द्या.

म्हणजे ॲप कान झाकून बसलं, तेवढ्यात फोन कट झाला, कान उघडल्यावर फोन म्हणाला 'मी रिकामा आहे', आणि ॲपनं भाच्याच्या हुकमावरून ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आता पुढचा फोन येईपर्यंत ॲपच्या लेखी मामा बोलतच होते. बाकीच्या ड्रायव्हरना दिवसभर कोणी ना कोणी फोन करायचं, तेव्हा त्यांचं आपोआप सुधारायचं. मामांना फोन कोण करणार? मामांना फोन केलेला माणूस दुसऱ्यांदा करत नाही. सगळ्या डेपोत एकच माणूस असा होता की जो इतका गप्प होता म्हणून सर्वांत बोलका ठरला होता.

एक गोष्ट मात्र उरली. डेपोच्या छपरावरच टॉवर होता. सिग्नल तिथं ओसंडून वाहायचा. मग रोज सहा तेराला, घड्याळ लावल्यासारखा, तो शून्य कसा व्हायचा? हे सांगता आलं नाही तर बाकी सगळं ऐकून कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. भाच्यानं बॅग उचलली आणि निघाला. शेजाऱ्यानं कप खाली ठेवला.

डेपोत मामा बस धुण्याच्या जागेजवळ बाकावर बसले होते. आज त्यांना बस दिली नव्हती. वर्दी होती, टोपी गुडघ्यावर होती, आणि डावा हात अधूनमधून गिअर टाकल्यासारखा हलत होता.

"मामा, कळलं मला काय झालंय ते. माझ्याच हातून झालंय."

"हं."

"रोज सहा तेराला तुमचा सिग्नल जातो. कुठं असता तुम्ही तेव्हा?"

मामा उत्तर देण्याऐवजी उठले आणि चालायला लागले. भाचा मागे. वर्कशॉपच्या पलीकडे सहा पायऱ्या खाली उतरून एक पत्र्याचं दार होतं. आत टायर गोदाम. जाड भिंती, अर्धी खोली जमिनीखाली, आणि टायरांचे ढीग छतापर्यंत. भाच्यानं फोन हातात धरला होता. पहिल्या पायरीवर चार काड्या, तिसरीवर दोन, पाचवीवर एक, आणि दारातून आत पाऊल टाकलं की काही नाही.

कोपऱ्यात एक बादली उपडी ठेवली होती. तिच्यावर उशी. उशीवर भरतकाम केलेला पोपट होता, एक डोळा काळा आणि एक निळा, कारण काळा दोरा संपला होता. भाच्यानं त्या पोपटाला लगेच ओळखलं. चार वर्षांपूर्वी ही उशी घरातून नाहीशी झाली तेव्हा मामीनं घर पालथं घातलं होतं आणि शेवटी संशय नणंदेवर, म्हणजे भाच्याच्या आईवर, ठेवला होता. अजून दोघी एकमेकींशी तिरक्याच बोलायच्या.

"मामा."

"हं."

"तुम्ही मुद्दाम येता इथं? मामी बोलत असताना?"

मामांनी एका टायरवरची धूळ बोटानं पुसली. "कट होतो."

"आपोआप."

"हं." मग टायरकडे बघत, "तिला 'ठेव' म्हणवत नाही मला."

भाच्याला हसावं की रडावं कळेना. अकरा वर्षं. मामी तिकडे कंपन्यांना पत्रं लिहीत होती आणि मामा इकडे पोपटावर बसून अठरा मिनिटं शांतता खात होते.

"मग हेच सांगू या चारला. दाखवून देऊ. पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही."

"मामी येणार आहे म्हणून?"

"नोकरी गेली तरी चालेल. हे सांगायचं नाही."

एका दमात सात शब्द. भाच्यानं मामांना एवढं लांब बोलताना एकदाच ऐकलं होतं, ब्रेक निकामी झालेल्या बसमध्ये.

पुढचे दोन तास भाचा डेपोभर फोन उंच धरून पळत होता. सिग्नल नसलेली दुसरी एखादी जागा मिळाली असती तर टायर गोदामाचं नाव न घेता सगळं दाखवता आलं असतं. तो बसखाली रांगत गेला, चार काड्या. ग्रीस बदलायच्या खड्ड्यात उतरला, तीन काड्या आणि पँटीला ग्रीस. जेवणाचा डबा रिकामा करून त्यात फोन ठेवला, तर आतून साहेबांचाच फोन वाजला. शेवटी कंडक्टरांच्या लोखंडी कपाटात स्वतः शिरून दार ओढून घेतलं. दोन काड्या. तेवढ्यात सफाईवाल्या बाईंनी कपाट उघडलं.

"काय शोधताय?"

"सिग्नल नसलेली जागा."

"लोक उलटं शोधतात," बाई म्हणाल्या आणि झाडू घेऊन कपाट परत लावून टाकलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना मामी आली. हातात फोन, डोळ्यांवर चष्मा, पर्स काखेत घट्ट. मामांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. भाच्याच्या पँटीकडे बघितलं. "कडेला टेकून बस, खुर्ची काळी होईल."

सुनावणी मॅनेजरबाईंच्या खोलीत होती. त्या डेपो चालवायच्या आणि डेपोतला प्रत्येक माणूस त्यांना चुकवून चालायचा. टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मामा, मध्ये साहेब उभे, कारण विचार बसू नयेत. मागच्या भिंतीवर तो पडदा, आणि पडद्यावर मामा पहिल्या नंबरावर.

"अठ्ठावन्न तास बारा मिनिटं," मॅनेजरबाई म्हणाल्या. "मला स्वतःला पटत नाही. तुम्ही मला एकतीस वर्षांत 'गुड मॉर्निंग' म्हणाला नाहीत. पण यंत्र सांगतंय. तुम्हाला काय म्हणायचंय?"

"हं," मामा म्हणाले.

मॅनेजरबाईंनी लिहिलं: कबूल.

"डेटा खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले.

"माणसं बोलत नाहीत म्हणून डेटा बोलतो," मामी म्हणाली. "मला एकच विचारायचंय. ती ऐकून तरी घेते का शेवटपर्यंत? का तिचाही फोन तीन मिनिटांनी कट होतो?"

मामांनी मान खाली घातली. टोपीची कड बोटांनी दुमडली, उलगडली, दुमडली. मॅनेजरबाईंनी कागद पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं. भाच्याचा पाय इतका हलत होता की टेबलावरचं टाचण्यांचं डबडं सरकत कडेपर्यंत आलं होतं. पेन कागदाला टेकलं आणि डबडं खाली पडलं.

"टायर गोदाम," भाचा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मामांनी असं बघितलं की भाच्याला त्या ब्रेक निकामी झालेल्या बसची आठवण झाली.

"तिथं सिग्नल नाही," भाचा एका श्वासात म्हणाला. "कोणीही तिथं गेलं की होईल. कोणीही. चूक ॲपची आहे. माझी आहे."

"शिकण्याची संधी," साहेब दात आवळून म्हणाले.

"मला दाखवा," मॅनेजरबाई म्हणाल्या.

त्यांच्या फोनवरही मौनसारथी होतं. साहेबांनीच कौतुकानं टाकून दिलं होतं, 'चालक क्रमांक शून्य' म्हणून. ठरलं असं की साहेबांनी वर थांबून बाईंना फोन लावायचा, बाईंनी बोलत बोलत गोदामात उतरायचं, फोन कट झाला की वर यायचं आणि बसमध्ये बसून डेपोला फेऱ्या मारायच्या. वरात निघाली. भाचा पुढं पळाला, सहा पायऱ्या दोन उड्यांत उतरला आणि पोपटावर जाऊन बसला.

बाई फोन कानाला लावून आल्या. मागून मामी. सगळ्यात शेवटी मामा, दाराशीच थांबले.

"हॅलो, हॅलो," बाई म्हणाल्या. "गेला. खरंच गेला. तुम्ही असे काय बसून राहिलात? चला, ते ॲप बघायचंय ना तुम्हाला?"

"मी इथूनच बघतो."

"इथून कसं बघणार? सिग्नल नाही म्हणून तर आलोय. उठा."

भाचा उठला. उठताना त्यानं बॅग आडवी धरायचा प्रयत्न केला, पण पोपट मोठा होता. मामी दोन पावलं पुढं आली, वाकली, चष्मा नाकावर सरकवला. काळा डोळा, निळा डोळा. तिनं उशी उचलली, दोन थापा मारून धूळ झटकली, आणि पर्सच्या वर काखेत धरली. उपडी बादली बघितली. दाराबाहेर संपलेल्या सिग्नलच्या पायऱ्या बघितल्या. मामांकडे बघितलं. मामा टायरांकडे बघत होते.

उशी तशीच दाबून धरून ती पायऱ्या चढून गेली. हे भाच्याला सगळ्यात भयानक वाटलं.

बसमध्ये मॅनेजरबाई पहिल्या सीटवर बसल्या, मामी शेवटच्या, मांडीवर उशी घेऊन. साहेब दांडी धरून उभे, आणि भाचा लॅपटॉपवर डेपोचा पडदा उघडून. दुसरा ड्रायव्हर बस डेपोभोवती गोल गोल फिरवत होता. बाईंचा फोन त्यांच्या हातात गप्प पडला होता आणि पडद्यावर चालक क्रमांक शून्य धडाधड बोलत होत्या. सातव्या मिनिटाला त्या यादीत पाचव्या नंबरावर आल्या. सलग दहा मिनिटं बोललं की थेट कारवाई, हा नियम साहेबांनी सुनावणीच्या उत्साहात आदल्या रात्रीच ॲपमध्ये घातला होता. दहाव्या मिनिटाला बसमधल्या सगळ्यांना टिंग असा आवाज ऐकू आला.

"'आपल्याला कामावरून तात्पुरतं दूर करण्यात येत आहे,'" मॅनेजरबाईंनी वाचलं. "'कृपया चाव्या जमा कराव्यात.' हे मागे घ्या."

"ते डेपो मॅनेजरलाच मागे घेता येतं," साहेब म्हणाले.

"मीच मॅनेजर आहे."

"हो, पण आत्ता तुम्हाला दूर केलंय ना. तुमचा पासवर्ड चालणार नाही." साहेबांनी एक बोट वर केलं. "सुरक्षेच्या दृष्टीनं हे चांगलं आहे."

बाई काय बोलणार होत्या ते कळलं नाही, कारण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज बसच्या इंजिनावरूनही ऐकू येत होता. सासूबाई होत्या. मेसेज कुटुंबातल्या सदस्याला जातो, आणि कौतुकाच्या भरात बाईंनी सासूबाईंचा नंबर दिला होता.

"काय गं, दहा मिनिटं कोणाशी बोलत होतीस गाडीतून? मी केला की मीटिंगमध्ये असतेस."

"नाही हो आई, कोणाशीच नाही."

"कोणाशीच नाही दहा मिनिटं बोलतं का माणूस? हा मेसेज आलाय ना मला, हसरा चेहरा पण आहे."

बाईंनी फोन ठेवला आणि त्याच क्षणी पडद्यावरची त्यांची ओळ 'बोलणं चालू'वरून 'रिकामा'वर आली. तो एक फोन आल्यानं ॲपचं डोकं ठिकाणावर आलं होतं. भाच्याला सांगायचं होतं ते सगळं सासूबाईंनी दाखवून दिलं होतं. बाईंनी सुनावणीचा कागद काढला, 'कबूल' खोडलं, आणि खिडकीतून मामांना खूण केली: उद्यापासून बस घ्या.

मामा खाली उभे होते. त्यांनी मान हलवली. त्यांचं लक्ष शेवटच्या सीटकडे होतं.

निकालात काय लिहायचं यावर मात्र अर्धा तास गेला. साहेब ॲपला दोष द्यायला तयार नव्हते. शेवटी दोष टायर गोदामावर गेला. 'गोदामात सिग्नल नसल्यामुळे सदर प्रकार घडला,' असं लिहिलं गेलं आणि त्याखाली: गोदामात तातडीनं सिग्नल वाढवायचं यंत्र बसवावं. त्या डेपोत ड्रायव्हरांच्या न्हाणीचा नळ सहा वर्षं गळत होता. यंत्र शनिवारी दुपारी बसलं. भाच्यानं पाचवी ओळ शुक्रवारीच गुपचूप काढून टाकली होती, पण ते कोणाला सांगितलं नाही, कारण शिकण्याच्या संधीची नोंद करावी लागली असती.

घरी उशी जुन्या जागी परत आली. मामी घरात बोलायची, पण भाच्याशी, किंवा कुकरशी. मामांचं ताट वाढायची, पाण्याचा ग्लास डावीकडे ठेवायची, आणि नजर भिंतीवर. भाच्याच्या आईला मात्र तिनं फोन करून तासभर गप्पा मारल्या, उशीचं कारण न सांगता. नणंद घाबरून गेली.

सहा दहाचा फोन बंद झाला. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, रविवारी नाही. भाचा सकाळी सहालाच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचा आणि मामांच्या ओळीकडे बघायचा. सिग्नल पाच. अवस्था: रिकामा. सहा दहा, रिकामा. सहा तेरा, रिकामा. सहा एकतीस, रिकामा. स्वयंपाकघरात मामीचा फोन ओट्यावर पालथा पडलेला असायचा आणि मामी त्याच्या बाजूनं असं फडकं फिरवायची की जणू तो ओट्याचाच भाग आहे.

"लाव ना मामी एकदा," रविवारी भाचा म्हणाला.

"कशाला? आता तिथं रेंज आहे म्हणे. उगाच त्यांना पूर्ण ऐकावं लागेल."

रात्री मामा जेवताना दोनदा म्हणाले, "अगं." दोन्ही वेळा पुढं काही आलं नाही. मामीनं मीठ पुढं सरकवलं.

सोमवारी सहा वाजून आठ मिनिटांनी भाचा परत पडद्यासमोर. पाय हलत होता, पण शेजारी कप धरायला कोणी नव्हतं, त्यामुळे चहा बशीत सांडला होता. सहा नऊ, रिकामा. सहा दहा, रिकामा. त्यानं डोळे चोळले. सहा अकरा: बोलणं चालू.

मध्ये 'वाजतोय' नव्हतं. रिकामावरून थेट बोलणं चालू.

भाच्याला वाटलं, पुन्हा ॲप बिघडलं. त्यानं पाचवी ओळ बघायला हात पुढं नेला, आणि स्वयंपाकघरात ओट्यावर पालथा पडलेला फोन वाजायला लागला.

मामीनं तो सुलटा केला. नाव बघितलं. चष्मा लावून परत बघितलं. वाजू दिला, एकदा, दोनदा, पाच वेळा. मग उचलला.

"हं," ती म्हणाली.

मग परत, "हं." मग ती फोन कानाला लावून मागच्या कोठीच्या खोलीकडे चालायला लागली. घरात तेवढ्याच खोलीत सिग्नल मिळत नाही, हे भाच्याला चांगलं माहीत होतं. मामीला तर अजूनच. भाचा खुर्चीच्या कडेवर आला. मामी उंबरठ्याशी पोचली, एक हात दाराच्या चौकटीवर ठेवला, आणि तिथंच उभी राहिली. आत गेली नाही, मागेही फिरली नाही.

पडद्यावर सहा चौदा झाले. सहा पंधरा. बोलणं चालू.

भाच्याला राहवेना. तो उठून तिच्याजवळ गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काय म्हणतायत मामा?"

मामीनं फोनवर हात ठेवला. "काय म्हणणार. बोलायला काही सुचेना म्हणून टायर मोजून सांगतायत."

"टायर?"

"एक एक करून. मधे कुठला गुळगुळीत झालाय तेही सांगतात."

"किती झाले?"

मामीनं हात काढला, क्षणभर ऐकलं.

"एक्केचाळीस," ती म्हणाली, आणि चौकटीला खांदा टेकून फोनमध्ये म्हणाली, "हं. पुढं?"